साडेबारा सेकंद

अकरा सेकंद म्हणजे काहीच नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा मोठ्या डेटाच्या प्रोग्रामपुढे बसून पाहावं. बटण दाबायचं आणि पडद्यावर गरगरणाऱ्या त्या गोल चकतीकडे बघत राहायचं. पहिले दोन सेकंद माणूस सभ्यपणे थांबतो. तिसऱ्याला त्याची बोटं टेबलावर वाजायला लागतात, पाचव्याला तो तेच बटण पुन्हा दाबतो, आठव्याला यंत्र बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो, आणि अकराव्या सेकंदाला उत्तर येतं तेव्हा साहेब चहाला गेलेले असतात. हर्षाली ढवस ही सगळी नाटकं नऊ वर्षं मोजत आली होती. तिला पगारच त्याचा मिळायचा.

नागपूरच्या ‘शिलादृष्टी’ कंपनीत ती वेग-तपासनीस होती. एकच प्रोग्राम, त्याला हाकणाऱ्या रनटाइमच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर चालवायचा, बटण दाबल्यापासून पडदा पूर्ण भरेपर्यंतचा वेळ टिपायचा, कुठली आवृत्ती चपळ आणि कुठली सुस्त ते लिहायचं आणि खाली सही करायची. त्यासाठी तिच्याकडे सेकंदाला हजार चित्रं काढणारा कॅमेरा होता आणि एक नियम होता: तीनदा मोजल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. एकदा मोजलेल्या आकड्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. यंत्र तापलेलं असतं, मागे दुसरंच काही चालू असतं, कधी मोजणाराच पेंगत असतो. विभागात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ती पहिल्याच दिवशी हे ऐकवायची. तिचे वरिष्ठ निरंजन सबनीस कौतुकानं म्हणायचे, “हर्षालीची तिसरी फेरी होईपर्यंत मी देवाचंसुद्धा ऐकत नाही.”

तिचे वडील पुंडलिक ढवस चंद्रपूर जिल्ह्यातल्या शिवणटोल्याच्या कोळसा खाणीत मायनिंग सरदार होते. पाळी आत शिरण्याआधी जागा निर्धोक आहे का ते पाहणारा माणूस तो सरदार. पुंडलिकभाऊ हे काम एका लोखंडी सब्बलीनं, म्हणजे पहारीनं करत. उजव्या हातानं सब्बल वर छताला ठोकायची आणि डाव्या हाताची बोटं छतालाच टेकवून ठेवायची. खणखणीत वाजलं तर दगड एकसंध. भद्द वाजलं आणि बोटांना गुदगुली झाली, की वरचे थर एकमेकांपासून सुटलेत. मग तिथं खडूनं फुली मारायची आणि माणसांना मागे घ्यायचं. चांगल्या जागी ते तारीख टाकून ‘पु. ढ.’ लिहीत. स्वतः ठोकल्याशिवाय त्यांनी बत्तीस वर्षांत कुठेही ही दोन अक्षरं लिहिली नव्हती. ही सवय त्यांच्या हाडात इतकी मुरली होती, की हर्षालीनं नागपुरात फ्लॅट घेतला तेव्हा त्यांनी देवाला नमस्कार करण्याआधी बाथरूमच्या फरश्या ठोकून पाहिल्या आणि सात पोकळ फरश्यांवर फुल्या मारल्या. बिल्डरचा माणूस बघतच राहिला होता.

आता मात्र खाणीच्या छतातून काचेचा तंतू फिरवला होता. केसाएवढा बारीक, कित्येक किलोमीटर लांब. छताचे थर जरा जरी सुटले तरी त्यातून जाणाऱ्या प्रकाशात फरक पडे. अशा साठ हजार जागांचा आकडा दर सेकंदाला वर येई. पण नुसता आकडा उपयोगाचा नव्हता. सुरुंगाचा हादरा, पंख्यांची थरथर, बिनड्रायव्हरच्या गाड्यांची ये-जा हे सगळं त्यात मिसळलेलं असे. त्यातून छताची खरी हालचाल वेगळी काढायची तर त्या जागेचे मागचे आठ महिने चाळावे लागत. हे काम करणाऱ्या ‘शिलादृष्टी’च्या प्रोग्रामचं नाव होतं ‘छत्र’. खाणीच्या वरच्या ऑफिसात बसलेला माणूस पडद्यावर एकेका गॅलरीची, म्हणजे खाणीतल्या बोगद्याची चौकट उघडे. थरांमधलं अंतर पाच मिलिमीटरपर्यंत असेल तर चौकट हिरवी, दहापर्यंत पिवळी, त्यापुढे लाल. पूर्वी कच्चा आकडा जरा वाढला की भोंगा आपोआप वाजायचा. पण प्रत्येक सुरुंगाला तो बोंबलू लागला, तेव्हा माणसानं चौकट डोळ्यांनी पाहून बटण दाबल्याशिवाय वाजायचं नाही अशी त्याची सोय करून टाकली होती.

अडचण एवढीच, की एक चौकट भरायला अकरा सेकंद लागत आणि चौकटी होत्या बासष्ट. रनटाइमची सातवी आवृत्ती याहून पळत नव्हती. आणि मग नववी आली.

नवव्या आवृत्तीत काय नवं आहे ते हर्षालीनं बाबांना मेसचं उदाहरण देऊन सांगितलं होतं. ते रविवारी तिच्याकडे आले होते, आईनं दिलेल्या कोथिंबिरीच्या सांबारवड्यांचा डबा घेऊन.

“प्रोग्राम म्हणजे तुम्ही दिलेली ऑर्डर, बाबा. आणि रनटाइम म्हणजे आचारी. भांडी कुठली घ्यायची, शेगडी कधी पेटवायची, सगळं तो बघतो. सात नंबरचा आचारी ऑर्डर आल्यावर कामाला लागतो. नऊ नंबरचा तुम्ही दारातून आत येताना बघतो, तुम्ही रोज काय खाता ते त्याला माहीत असतं, तो लगेच ताट मांडतो. मग मागे खरी भाजी शिजली, की गुपचूप वाटी बदलतो.”

“आन मी आज दुसरं मांगतलं तं?”

“म्हणून तर वाटी बदलतो ना. आणि बहुतेक वेळा बदलायची गरजच पडत नाही. मी तपासलंय. त्यानं आधी मांडलेला आकडा आणि नंतर आलेला खरा आकडा, शंभर टक्के जुळतात. चौकट दोन दशांश सेकंदात भरते. अकरावरून दोन दशांशावर!”

पुंडलिकभाऊंनी सांबारवडीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. “एक इचारू का, माय? तुह्या टेस्टात छत पडते का कदी?”

हर्षालीला हसू आलं. “बाबा, मी छत तपासत नाही. मी वेग तपासते.”

“हां. ते बी खरंच हाय,” ते म्हणाले आणि वडी खाऊ लागले.

तो प्रश्न त्या दिवशी हसण्यावारी गेला. पुढे तो तिला जन्मभर पुरणार होता.

कारण तिच्या टेस्टात छत पडणं शक्यच नव्हतं. मोठ्या डेटावर तपासायचं तर मोठा डेटा हवा, आणि खाण आठ महिन्यांचे खरे आकडे द्यायला तयार नव्हती. परवानग्या, सह्या, सुरक्षा असं सगळं त्यात आड येत होतं. शेवटी त्यांनी एका आठवड्याचे आकडे दिले. हर्षालीनं तो आठवडा एकामागे एक पस्तीस वेळा चिकटवला आणि आठ महिने तयार केले. यात तिनं जगावेगळं काही केलं नव्हतं. या धंद्यातले सगळेच असं करतात, कारण वेग मोजायचा तर आकार लागतो, आणि आकार कसाही वाढवला तरी यंत्राला भार सारखाच पडतो. फक्त यावेळी भार वाहणारं यंत्र अंदाज बांधणारं होतं. त्याच्यापुढे तोच आठवडा पस्तीस वेळा आला. असा अंदाज शाळेतलं पोरही बांधेल. तो शंभर टक्के जुळला यात नवल ते काय! आणि तो आठवडा तरी कुठला होता? दिवाळीचा. सुरुंग बंद, माणसं घरी, म्हणून आकडे उतरवून द्यायला तिथल्या लोकांना सवड मिळाली होती.

तारखा हर्षालीच्या डोळ्यांसमोर होत्या. तिनं त्या वाचल्याही होत्या. पण तिला त्या वेळी फक्त आकार हवा होता.

तिनं तीन फेऱ्या केल्या. तिन्हींत तेच आलं. अहवालात दोन रांगा होत्या, वर सात नंबर आणि खाली नऊ, आणि खालची रांग बघून सबनीसांनी अख्ख्या विभागाला मिसळ खाऊ घातली. हर्षालीनं नवव्या आवृत्तीच्या प्रमाणपत्रावर सही केली.

महिन्याभरात शिवणटोल्याला नववी आवृत्ती बसली. बासष्ट चौकटींचा फेरा पूर्वी साडेअकरा मिनिटांचा होता, तो तीन मिनिटांवर आला. इतक्या झटपट सगळं दिसतंय म्हटल्यावर पाळीआधी छत ठोकत बसण्यात अर्धा तास घालवायचा कशाला, असा सवाल वरून आला, आणि ते ठोकणं बंद झालं. पुंडलिकभाऊ सरदार राहिले, पाळीबरोबर आत जात राहिले, पण सब्बल घरी दाराआड उभी राहिली. या गोष्टीचं त्यांना वाईट वाटलं असेल. बोलून मात्र त्यांनी उलटंच दाखवलं. जो भेटेल त्याला सांगायचे, “माह्या पोरीची सई हाय त्या मशीनवर.”

दीड महिन्यानं हर्षाली वापर कसा चाललाय ते बघायला खाणीवर गेली. वरच्या ऑफिसात विलास मत्ते बसला होता. चाळिशीचा, गुटगुटीत, गळ्यात मफलर. त्यानं उठून खुर्ची पुसली.

“या ताई, या. पुंडलिकभाऊची पोरगी न तुमी? लय उपकार झाले बगा तुमचे. पयले त्या चकरीकडं पाहू पाहू डोये फुटाचे माह्ये.”

“चालू द्या तुमचं काम. मी नुसती बसते.”

ती त्याच्या मागे वही घेऊन बसली. विलास सराईत होता. टिच, हिरवी. टिच, हिरवी. प्रत्येक चौकटीवर तो अडीच-तीन सेकंद थांबत होता, आणि त्यात आळस नव्हता; तो खरोखर आकडा वाचत होता, ओठ हलवत. वाचून झाला की पुढे जात होता. जे दिसतंय ते वाचून झाल्यावर थांबायचं कशासाठी?

पंधराव्या का सोळाव्या चौकटीला हर्षालीच्या मनात काहीतरी टोचलं.

“विलासभाऊ, मघाची चौदा नंबर पुन्हा उघडा. आणि आता काहीच करू नका. नुसते थांबा.”

“किती येळ?”

“मी सांगेपर्यंत.”

चौकट उघडली. हिरवी, आकडा दोन. विलासनं हात मांडीवर ठेवले. पाच सेकंद झाले, सात झाले. त्याचा हात आपोआप माउसकडे गेला आणि त्यानं तो ओशाळून मागे घेतला. अकरा झाले. साडेबाराव्या सेकंदाला, कुठलाही आवाज न करता, दोनाच्या जागी चार आला. चौकट हिरवीच राहिली.

“अरे! बदलला की,” विलास म्हणाला. “असा बदलते का तो?”

आचाऱ्यानं वाटी बदलली होती. पण विलास रोज तिसऱ्या सेकंदाला ताटावरून उठत होता. गेल्या दीड महिन्यात त्यानं एकही खरा आकडा पाहिला नव्हता. त्यानं पाहिले होते ते सगळे अंदाज, आणि अंदाज म्हणजे काल जे होतं तेच आजही असणार एवढंच. सात नंबर संथ होता, पण निदान उत्तर येईपर्यंत रिकामा पडदा दाखवत होता. आणि जिच्यासाठी मिसळ वाटली गेली ती नववी आवृत्ती खरा आकडा सातवीपेक्षाही दीड सेकंद उशिरा आणत होती, कारण मधल्या वेळात ती अंदाजाचं चित्र रंगवत बसत होती. हर्षालीचा कॅमेरा हे कधीच पकडणार नव्हता. तो पडदा भरेपर्यंत मोजायचा, आणि पडदा तर भरलेलाच होता.

दुपारच्या गाडीनं ती नागपूरला परतली आणि थेट सबनीसांच्या केबिनमध्ये गेली. सबनीस वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवं. त्यांनी चष्मा काढून पूर्ण ऐकून घेतलं.

“किती चौकटींवर फरक दिसला?”

“एक.”

“कितीचा?”

“दोन मिलिमीटर.”

“रंग बदलला?”

“नाही. हिरवाच.”

“आणि किती वेळा मोजलंस?”

“एकदाच,” हर्षाली म्हणाली.

“अगं, तू मागे घे म्हणालीस तर मी आत्ता प्रमाणपत्र मागे घेतो,” सबनीस म्हणाले. “पण मग ही आवृत्ती बसवलेल्या चारही खाणी थांबतील. ते विचारतील, कशाच्या आधारावर? एका चौकटीवर एकदा दिसलेल्या दोन मिलिमीटरच्या? दुसऱ्या कुणी असा कागद आणला असता तर तूच तो फाडला असतास. खाणीतून आता खरे आकडे मिळतील, मी आजच फोन करतो. दोन्ही आवृत्त्या त्यावर चालव. तुझ्या तीन फेऱ्या होऊ देत. शुक्रवारी संध्याकाळी पत्र काढतो, शब्द देतो.”

तो मंगळवार होता. खऱ्या आठ महिन्यांच्या डेटावर एक फेरी म्हणजे आख्खा दिवस. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. तिला त्यांचं म्हणणं पटलं, कारण ते तिचंच म्हणणं होतं. शिवाय खोटं कशाला बोला, प्रमाणपत्र मागे घ्यायचं म्हणजे आपण दिवाळीचा आठवडा पस्तीस वेळा चिकटवला हे कागदावर लिहून द्यायचं. तीन दिवस का होईना, ते लांबलं याचं तिला बरंच वाटलं.

बुधवारच्या फेरीत बासष्टपैकी नऊ चौकटींचा अंदाज चुकला. गुरुवारी पुन्हा त्याच नऊ. जिथं छत हलत होतं नेमकं तिथंच यंत्र सगळं स्थिर असल्याचं दाखवत होतं. गुरुवारी संध्याकाळी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून तिनं बाबांना फोन लावला. ते अंगणात बसले असावेत, मागे कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत होता.

“बाबा, उद्या ड्युटी कुठं आहे?”

“सत्तावीस नंबरले. काऊन वो?”

नऊ चौकटींत सत्तावीस होती. फार नाही, अंदाज तीन, खरा साडेचार. हिरवीच.

“तिथं उद्या जरा छत ठोकून बघाल?”

“काऊन? काई बिघडलं का?”

सांगायची वेळ होती ती हीच. बाबा, माझी सही चुकली, एवढे चार शब्द. पण अजून तिसरी फेरी व्हायची होती, आणि अपुऱ्या मोजणीवर बोलायची सवय तिच्या जिभेला नव्हती. आणि ज्या माणसानं बत्तीस वर्षं न ठोकता सही केली नाही, त्याला हे सांगायचं तिला जिवावर आलं होतं.

“नाही, तसं काही नाही. मोजणी चालू आहे माझी. म्हटलं, तुम्ही आपले बघा.”

पुंडलिकभाऊ हसले. “अवो माय, खदानभर मी सांगून रायलो का माह्या पोरीची सई हाय त्याच्यावर. आन उद्या मीच सब्बल घेऊन गेलो तं लोकं काय म्हणतीन? बापाचाच भरोसा नाई म्हणतीन. नाई बापा, मी नाई नेत ते सब्बल. तू जेवली का?”

“जेवते आता,” ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता तिसरी फेरी सुरू झाली. दहा वाजून चाळीस मिनिटांनी शिवणटोल्याच्या सत्तावीस नंबरच्या गॅलरीचं छत खाली आलं. त्याखाली पुंडलिक ढवस आणि छताला बोल्ट मारणारे दोन कामगार होते. तिघांना बाहेर काढायला रविवार उजाडला. हर्षालीला फोन आला तेव्हा फेरी एकवीस टक्क्यांवर होती. तिनं ती थांबवली नाही. थांबवायचं तिच्या लक्षातच आलं नाही, आणि संध्याकाळी कुणी नसलेल्या त्या खोलीत यंत्रानं फेरी पूर्ण करून निकाल पडद्यावर आणला: त्याच नऊ चौकटी.

तेराव्याला घरात माणसांची ये-जा थांबली तेव्हा आई भिंतीला टेकून म्हणाली, “तुहा फोन आला त्या दिशी लय खूश होते वो. पोरीले माही काळजी वाटते म्हणे.” दाराआड सब्बल होती. तिच्या टोकाला जुन्या खडूची पूड चिकटली होती. हर्षाली तोंडावर पदर घेऊन रडली नाही की काही नाही, ती सब्बलीपाशी जमिनीवर बसली आणि आईला म्हणाली, “आई, मला माहीत होतं.” आईला ते नीट कळलं नाही, की कळलं आणि तिनं कळू दिलं नाही, हे हर्षालीला कधीच समजलं नाही. आईनं तिला उठून चहा करायला सांगितलं.

चौकशी चंद्रपूरला बसली. तिच्या आदल्या दिवशी सबनीसांनी तिला कंपनीचं निवेदन वाचायला दिलं. घटनेच्या नऊ मिनिटं आधी विलास मत्ते यानं सत्तावीस नंबरची चौकट उघडली होती, पण तिच्यावर तो फक्त तीन सेकंद थांबला. आकडा पूर्ण स्थिर होईपर्यंत थांबणं ही चालकाची जबाबदारी आहे, असं माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानांत छापलेलं होतं. त्यात कुठलंही वाक्य खोटं नव्हतं.

“ह्याच्यात डेटाचा उल्लेख नाही,” हर्षाली म्हणाली.

“त्याची गरज नाही,” सबनीस खाली बघत म्हणाले. “हर्षाली, तुझं स्वतःचं माणूस गेलंय. ह्या आगीत तू स्वतःला कशाला ढकलतेस? तुझ्यावर कुणी बोट ठेवत नाहीये.”

“विलासवर ठेवलंय ना.”

सबनीसांनी निवेदन पुन्हा फाइलमध्ये घातलं.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं, भिंतीवर मोठा पडदा होता. चौकशी अधिकारी पिकल्या केसांचे, कामाला वाघ असलेले गृहस्थ होते; त्यांच्यापुढे कागदांचे तीन ढीग होते. विलास कोपऱ्यात बसला होता. मफलर नव्हता, आणि तो निम्मा झाला होता. हर्षालीनं आधी दिवाळीच्या आठवड्याचं सांगितलं. पस्तीस वेळा चिकटवल्याचं सांगितलं. सही आपली असल्याचं सांगितलं. गुरुवारच्या फोनचंही सांगितलं, ते कुणी विचारलेलं नसताना. मग ती म्हणाली, त्या सकाळचे आकडे घालून नववी आवृत्ती इथं चालवून दाखवते.

“दाखवा,” अधिकारी म्हणाले.

तिनं सत्तावीस नंबर उघडली. चौकट तत्क्षणी भरली. हिरवी, आकडा चार. अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पडद्याकडे पाहिलं, पुढ्यातल्या कागदावर ‘४, हिरवी’ असं लिहिलं आणि पान उलटलं.

“ठीक आहे. पुढे?”

हर्षालीनं हातातलं घड्याळ थांबवलं नाही. “साहेब, तीन सेकंद झाले,” ती म्हणाली. “विलासभाऊही एवढेच थांबले होते.”

अधिकाऱ्यांचं पेन कागदावरच राहिलं. खोलीत कुणी हललं नाही. पाच. सहा. सबनीस खिडकीबाहेर बघत होते. आठ. कुणाची तरी खुर्ची करकरली. विलासचे ओठ हलत होते, तो मोजत होता. अकरा. बारा.

चौकट लाल झाली. चाराच्या जागी एकोणीस आला होता. भोंगा वाजवायला नऊ मिनिटं होती, आणि सत्तावीस नंबरमधून धावत बाहेर यायला चार पुरली असती. विलासनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. अधिकाऱ्यांनी आपण लिहिलेल्या चार या आकड्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग हळूच म्हणाले, “बस, बाई. कळलं.”

हर्षालीनं वही उघडली, ‘पहिली फेरी, साडेबारा सेकंद’ असं लिहिलं आणि चौकट बंद केली.

“नाही साहेब,” ती म्हणाली. “अजून दोनदा बघायचं आहे.”

आणि तिनं सत्तावीस नंबर पुन्हा उघडली.